दोन शिक्क्यांची पदवी

पराते सर ज्या देशाची वेळ मनगटावर बांधून फिरायचे, त्या देशात ते आयुष्यात एकदाही गेले नाहीत.

घड्याळ साधंच होतं, चावीचं, पट्टा दोनदा बदललेला. पण ते कायम दीड तास मागे असायचं. नवीन माणसाला वाटायचं, बिघडलंय. मलाही तसंच वाटलं होतं. वसतिगृहावर कामाला लागून दोन-तीन दिवस झाले असतील, सर व्हरांड्यात आले आणि मनगटाकडे बघत मला म्हणाले, "काहो बाई, किती वाजले?" हातात घड्याळ असलेला माणूस मला वेळ विचारतोय, म्हणजे ही माझी परीक्षाच आहे असं मी समजले. मी आत जाऊन भिंतीवरचं घड्याळ दोनदा पाहून आले आणि म्हटलं, "साडेदहा."

"म्हंजे तिकडं नऊ. आता पोरं वर्गात बसली असतील," असं स्वतःशीच म्हणत ते निघून गेले.

तिकडं म्हणजे मॉरिशसला. ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरचं आमचं लॉ कॉलेज आणि त्या बेटावरचं एक कॉलेज, दोघांनी मिळून कायद्याची एक पदवी काढली होती. तीन वर्षांची. इथल्या मुलांनी दोन वर्षं नागपुरात शिकायचं आणि तिसरं वर्ष तिकडे. तिकडच्या मुलांनी पहिलं वर्ष घरी आणि पुढची दोन आमच्याकडे. शेवटी हातात एकच कागद पडायचा, पण त्यावर दोन देशांचे दोन शिक्के आणि दोन सह्या. ज्याच्याकडे तो कागद, त्याला दोन्हीकडच्या कोर्टांत उभं राहता येणार. ह्या अभ्यासक्रमासाठी कॉलेजच्या मागे जे छोटं वसतिगृह काढलं होतं, तिथे स्वयंपाक आणि देखरेख माझ्याकडे होती. आणि सगळ्या अभ्यासक्रमाचा कारभार पराते सरांकडे.

मी देवगडकडची. आई गेली आणि चूल माझ्याकडे आली, तेव्हा सातवीत शाळा सुटली. लग्न होऊन नवऱ्याच्या रेल्वेच्या नोकरीमागे नागपूरला आले, आणि तिथे तो तापाने गेला. माघारी जायला घर होतं, पण ते भावांचं. नोकरीसाठी मी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला तो ह्या वसतिगृहाला. त्यात तेरा चुका होत्या. हे मला सरांनीच पुढे कधीतरी सांगितलं, आणि वर म्हणाले, "पण खोटं एकबी नव्हतं बाई. मले असे अर्ज येत नाईत." मला नोकरी मिळाली ती अशी. ती जाईल ही भीती मात्र शेवटपर्यंत गेली नाही. कोणी मोठ्याने हाक मारली की मला वाटायचं, झालं, बांध आता बोचकं. सरांना हे ठाऊक होतं. ते मला कधी मोठ्याने हाक मारत नसत. दारात येऊन उभे राहत आणि मी बघेपर्यंत थांबत.

सर उमरेडचे, विणकरांच्या घरातले. वडील मागावर धोतरं विणायचे आणि मॅट्रिक होईपर्यंत सरही शाळेतून आल्यावर मागावर बसत. वर्गात त्यांचं इंग्रजी असं चालायचं की बाहेरून जाताना मला वाटायचं, आत कोणी साहेबच शिकवतोय. वर्गाबाहेर पाऊल पडलं की लगेच उमरेड. "काय गा, जेवला का? कायले रडून राहिला?" मागाची एक सवय त्यांच्या बोटांत राहून गेली होती. बोलता बोलता समोरच्याच्या बाहीचं कापड ते दोन बोटांत धरून चोळायचे आणि मग त्यांचं तोंड तरी खुलायचं नाहीतर पडायचं. कोणाच्या कपड्याला सुटा धागा दिसला की संभाषण तिथेच थांबायचं. आधी तो धागा तोडायचा, मग पुढचं बोलायचं.

बेटावरच्या कॉलेजचे मोठे साहेब एकदा आले होते. उंच, करड्या केसांचे, अंगात गडद निळा कोट. चहापाण्याला मी होते. आमचे प्राचार्य घाम पुसत भाषण करतायत, सगळे ताठ बसलेत, आणि पराते सरांनी हात लांबवून त्या साहेबांच्या कोटाची कड बोटांत धरली. साहेब बघतच राहिले. सरांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं, आणि एकदम ते साहेब खो खो हसायला लागले. नंतर मी विचारलं, "काय म्हणालात हो सर?"

"म्हटलं, लोकर एक नंबरची हाय, पण शिंप्यानं फसवलं तुम्हाले."

त्याच बैठकीत करारावर सह्या झाल्या. सर मुलांना सांगायचे, "ताणा इथला, बाणा तिथला. उभे धागे आपले, आडवे त्यांचे. एक काढला तं दुसरा कशाले धरल गा?" मुलं हे ऐकून ऐकून कंटाळली होती. सर पाठमोरे झाले की कोणीतरी हाताने माग चालवून दाखवायचं.

पण सरांची एक पद्धत होती, तिची थट्टा करायची हिंमत कोणाची नव्हती, कारण तिच्यात मी होते.

मुलांना खोट्या खोट्या खटल्यांत वाद घालायला शिकवायचे. त्याआधी प्रत्येकाने आपली बाजू मला येऊन मराठीत सांगायची. मी तांदूळ निवडत असेन, भाजी चिरत असेन, समोर पाट टाकून बसायचं आणि सांगायचं. मला कळलं तरच त्याला वर्गात बोलायला मिळायचं. "सावंतबाईले समजलं तं न्यायाधीशाले समजल," सर म्हणायचे, "न्यायाधीशाले इंग्रजी येते, एवढाच काय तो फरक." पहिल्यांदा मी घाबरून सगळ्यांनाच 'कळलं' म्हणून टाकलं. सरांनी मला तेवढ्यावर सोडलं नाही. "मंग सांगा, काय कळलं?" मला सांगता येईना. त्यानंतर मी खोटं 'कळलं' म्हणायचं सोडलं. मुलं वैतागायची. "मावशी, एकदा हो म्हण ना!" मी म्हणायचे, "कळलंच नाही तर कसं हो म्हणू?"

त्या पाटावर बसणाऱ्यांत बेटावरून आलेला जीवन होता. त्याचे पणजोबा कधीतरी कोकणातून जहाजाने गेलेले. पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "मावशी, वाईच पाणी दे गो." मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले. नागपुरात सहा वर्षांत मला कोणी 'वाईच' म्हटलं नव्हतं. समुद्र ओलांडून एक पोरगा येतो, आणि माझ्या आईच्या तोंडचा शब्द त्याच्या तोंडात असतो. सरांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळाला चावी देत म्हटलं, "मंग? मी कायले दोन देश जोडून राहिलो?"

आणि त्या पाटावर बसणारी दुसरी वनमाला. वनमाला गजभिये, कुहीजवळच्या एका खेड्यातली. दोन-तीन एकर धानाची शेती, वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली, घरातली पहिली शिकलेली मुलगी. काटकुळी, ताठ बसायची, बोलताना हात मांडीवरून हलवायची नाही. बाकी सगळ्या मुलांना वकील व्हायचं होतं. तिला नाही. "वकील मागते मावशी," ती म्हणायची, "न्यायाधीश देते. मले देणारी व्हायचं हाय."

एकदा सरांनी खटला दिला तो असा. एका म्हाताऱ्याने तीन मुलं असताना सगळं घरदार धाकट्याच्या नावाने लिहून दिलं. आमच्याकडच्या कायद्याने स्वतः कमावलेलं त्याला कोणालाही देता येतं. बेटावरचा कायदा फ्रेंच वळणाचा, तो म्हणतो मुलांचा वाटा ठरलेला, बाप झाला तरी त्याला हात लावता येत नाही. जीवन बेटाच्या बाजूने बोलला आणि वनमाला इकडच्या. मी बेटाच्या बाजूने निकाल दिला. सर हसले. "सावंतबाई तं तिकडच्या निघाल्या!"

मी हसले नाही. त्याच आठवड्यात गावाहून भावांचं पाकीट आलं होतं, हक्कसोडीचा कागद. वडिलांच्या जागेवर माझं काही नाही, असं लिहून सही मागितली होती. मी तो पिठाच्या डब्यावर ठेवला होता आणि येता-जाता त्याच्याकडे बघत होते. सरांना तो दाखवला, म्हटलं, सही कुठे करायची तेवढं सांगा. सरांनी बोट लावून जागा दाखवली नाही. म्हणाले, "आधी वाचा." मला ते कोर्टाचं मराठी कुठलं येतंय! चार दिवस दुपारी ते येऊन बसले, एकेक ओळ माझ्याकडून वाचून घेतली. कुठेही 'सही करा' किंवा 'करू नका' म्हणाले नाहीत. पाचव्या दिवशी मी तो कागद सही न करता परत पाठवला. भाऊ पुढे दोन वर्षं बोलले नाहीत. पण मी काय नाकारलं ते मला माहीत होतं. आपल्या हाताने 'नाही' म्हणायची सवय माझ्या पिढीच्या बाईला कुठे होती? ती मला सरांनी लावली. त्या उपकारांची फेड माझ्याकडून झाली नाही. उलटच झालं. ते आता सांगते.

अभ्यासक्रमाच्या सुरुवातीलाच सरांनी एक नियम करून घेतला होता. काही श्रीमंतांची मुलं बेटाची हवा खायला म्हणून ह्या पदवीत नाव घालायची, आणि जमलं नाही की मधेच साध्या एलएल.बी.च्या परीक्षेला बसून मोकळी व्हायची. जागा फुकट जायची. म्हणून नियम असा, की संयुक्त पदवीचा विद्यार्थी मधे साध्या परीक्षेला बसला, तर दोन शिक्क्यांच्या पदवीवरचा त्याचा हक्क संपला. मसुदा सरांचा. त्यांनी तोही मला वाचून दाखवला होता. "समजलं का बाई?" "समजलं." आणि खरंच समजलं होतं. मला तो चांगला वाटला होता.

पाचव्या तुकडीला तिघं इथली होती. वनमाला, आणि धरमपेठेतली दोन बड्या घरची मुलं. दोन वर्षं संपत आली. आता तिसऱ्या वर्षाला बेटावर जायचं. तिकडून दर वेळी दिवाळीच्या सुमारास पत्र यायचं, कोणी कधी यायचं, कुठे राहायचं. त्या वर्षी दिवाळी गेली, संक्रांत गेली, पत्र नाही. सरांनी दोन पत्रं पाठवली, मग तार. उत्तर नाही.

इकडे साध्या परीक्षेचे फॉर्म निघाले. त्या दोन मुलांनी ते गुपचूप भरले. त्यांच्या वडिलांनी कुठेतरी विचारपूस करून सांगितलं होतं, बेटाचं काही खरं नाही. वनमालानेही भरला. भरून सही करून तो तिने माझ्याकडे आणून दिला, मी माझ्या ट्रंकेत साडीखाली ठेवला. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती आली.

"मावशी, देऊन टाकू का? का थांबू?"

मी सातवी शिकलेली बाई, मी काय सांगणार! पण सांगितलं. म्हटलं, "सरांना न विचारता नको देऊस गो. नियम त्यांचा आहे."

मी तो फॉर्म काढून तिच्या हातात दिला आणि दोघी सरांच्या खोलीत गेलो. सरांनी फॉर्म पाहिला. रागावले नाहीत. घड्याळाकडे पाहिलं. तिकडे काय वाजले असतील ते त्यांनी मनात धरलं असेल. मग म्हणाले, "थांब वनमाला. हा फॉर्म दिला तं तुझा तिकडचा हक्क गेला. पत्र येईल. दोन देशांनी शब्द देला हाय, काई गल्लीतल्या पोरांनी नाई."

ती थांबली. तिने फॉर्मची घडी घातली आणि तो माझ्याकडे परत दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता कॉलेजची खिडकी बंद झाली.

पत्र आलं ते उन्हाळ्यात, परीक्षा झाल्यावर. तीन-चार ओळींचं. तिथल्या सरकारने कायद्याचं शिक्षण आता स्वतःच चालवायचं ठरवलंय, कराराची मुदत वाढवता येणार नाही, नागपुरात आहेत तेवढे त्यांचे विद्यार्थी पदवी पूर्ण करतील, इथून नवीन कोणी पाठवू नये. सर ते पत्र घेऊन स्वयंपाकघरात आले. खटले वाचायचे तसं एकेक वाक्य मराठीत करून मला सांगितलं. मग सवयीने विचारलं, "समजलं का बाई?"

"समजलं."

"मले नाई समजलं," ते म्हणाले, आणि पाटावर बसले. जिथे मुलं बसायची तिथे.

करारच संपला म्हटल्यावर नियमाला अर्थ उरला नाही. ती दोन मुलं साध्या परीक्षेला बसली होती, ती पास झाली, पुढे वकील झाली. अडकली ती एकटी, जिने ऐकलं. तिची शिष्यवृत्ती ह्या अभ्यासक्रमाला बांधलेली, ती बंद. फॉर्म वेळेत देणाऱ्यांना मिळालेली सूट आता नव्हती; साध्या एलएल.बी.ला बसायचं तर दोन-तीन विषय वेगळे, वर्षभराची हजेरी नव्याने. घरी धाकटा भाऊ संजय इंजिनिअरिंगला लागलेला. वनमाला कुहीला एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागली. तिचं टेबल साहेबांच्या दालनाच्या बाहेर. आत सुनावण्या चालायच्या आणि बाहेर ही नावं पुकारायची, चिठ्ठीवर पुढची तारीख लिहून द्यायची.

जाताना ती माझ्या पाया पडली. सरांच्याही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर सरांचा आठवडा बदलला. सोमवार ते शनिवार ते विद्यापीठाला अर्ज लिहायचे. हिने केलेली दोन वर्षं धरावीत, राहिलेले विषय आणि हजेरी एका वर्षात पुरी करू द्यावी. आणि दर रविवारी सकाळी पुस्तकांची पिशवी घेऊन एसटीने कुहीला. परवानगी मिळेल तेव्हा मुलगी तयार पाहिजे म्हणून तिला ते राहिलेले विषय शिकवायचे, तिच्या घराच्या ओट्यावर बसून. उन्हाळा, पावसाळा. एकदा मधल्या नाल्याला पूर आला, बस अडली, तर धोतर गुडघ्यापर्यंत खोचून पायी गेले. घरचे ओरडले असणार. कॉलेजातले हसायचे. "पराते सर शिकवणीले चालले!" सर म्हणायचे, "हाव ना. तुम्ही बी या."

विद्यापीठाने शेवटी समिती नेमली आणि सरांना निवेदन द्यायला बोलावलं. ते निवेदन त्यांनी आधी मला वाचून दाखवलं. सहा पानं. कराराची कलमं, बेटाने शब्द कसा मोडला, नियम कशासाठी केला होता, सगळं. जुन्या सवयीने मी ऐकत होते. पोळ्या लाटत होते. त्यांनी विचारलं, "समजलं?"

मी म्हटलं, "सर, एक नाही समजलं. त्या दिवशी ती फॉर्म घेऊन आली, तेव्हा तिला थांब कोणी सांगितलं ते ह्यात कुठेच नाही."

बोलून गेले आणि माझे हात थांबले. नोकरी गेली असती तरी एवढी भीती वाटली नसती. मला माझंही म्हणायचं होतं, की ट्रंकेतून फॉर्म काढून तिला तुमच्याकडे आणली ती मी. ते म्हणायला मात्र तोंड उघडलं नाही.

तव्यावरची पोळी करपली. मग त्यांनी ती सहा पानं उभी फाडली, माझ्याकडून मुलांच्या वहीचा एक कागद मागून घेतला आणि त्यावर चार ओळी लिहिल्या. त्या मी पाठ केल्यासारख्या मला आठवतात: 'हा नियम मी केला. ह्या मुलीने फॉर्म भरला होता. तो देऊ नकोस असं मी तिला सांगितलं. चूक माझी आहे, शिक्षा तिला होते आहे.' खाली सही. स्वतःच्या कॉलेजच्या नियमाविरुद्ध, स्वतःच्या हाताने. प्राचार्यांनी पुढे महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आणि परवानगी मिळाली. एका वर्षाची हजेरी, राहिलेले विषय, आणि परीक्षा.

त्या रविवारी सर मला म्हणाले, "चला बाई, आज तुम्ही बी चला. तिले पाहू द्या तुमचं तोंड." धान कापणीचे दिवस होते. बसमध्ये सर खिडकीला बसले होते आणि खिशावर हात ठेवून होते, कागद उडून जाईल असा. वनमालाचे वडील ओट्यावरच होते. "जय भीम गुरुजी! या, या. बाईबी आल्या का!" त्यांनी खाट टाकली. वनमाला आतून चहा घेऊन आली. पहिल्यापेक्षा भरली होती. मला पाहून हसली, आणि माझ्या जिवावरचं ओझं अर्धं उतरलं.

सरांनी कागद दिला. तिने तो दोनदा वाचला. मग आहे त्याच घड्यांवर परत दुमडला.

"एक वर्ष," ती म्हणाली.

"हाव. एकच. पोरी, एका वर्षात तू..."

"सर, संजू दुसऱ्या वर्षाले हाय. बाबाचं गुडघ्यानं होत नाई आता. नोकरी सोडली तं परत कोण देईल?"

"मी बोलतो तुझ्या साहेबाशी. बिनपगारी रजा..."

"नवीन माणसाले वर्षाची रजा कोणी देते का सर?" तिने कागद सरांपुढे ठेवला. "एक सांगू? राग नका मानू."

"बोल ना वं."

"सोमवार ते शनिवार मी कारकून असते. नावं पुकारते, तारखा लिहून देते. मले काईच वाटत नाई. खरंच नाई वाटत. रविवारी तुम्ही येता, पुस्तक उघडता, आन् मले आठवते मी काय होणार होते ते. मंग सोमवारी ते कारकुनाची खुर्ची खाऊन टाकते मले. तुमच्यावर राग नाई सर. पण तुम्ही नका येत जाऊ."

"वनमाला!" वडील ओरडले. "गुरुजीले असं बोलते का?"

सरांनी हात वर केला. "बोलू द्या तिले, दादा. मुद्दा एकदम साफ मांडला तिनं."

पिशवीतली पुस्तकं त्यांनी ओट्यावर काढून ठेवली होती. म्हणाले, "हे ठेवू का?" ती म्हणाली, "न्या सर. दुसऱ्या कोणाले लागतील." तिनेच ती एकेक करून पिशवीत भरून दिली. गाडीपर्यंत आम्हाला सोडायला आली. बस हलली तरी हात वर करून उभी होती, म्हणून मी हात हलवला. सर मान खाली घालून पिशवीचे बंद सरळ करत होते. नागपूर येईपर्यंत ते एवढंच बोलले, "बाई, तिनं मले माफ केलं असल का?"

मी लगेच "हो" म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही.

बेटावरची शेवटची मुलं पदवी घेऊन गेली आणि वसतिगृह बंद झालं. जीवनने जाताना मला मिठी मारली. मला अमरावतीला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली, तीही सरांच्याच चिठ्ठीवर. चिठ्ठी त्यांनी शिपायाबरोबर पाठवली. मी त्यांना भेटून निघणार होते. मग वाटलं, भेटले की रडू येईल, बोलायचं राहिलेलं तोंडातून निघेल. आज-उद्या करत निघायचा दिवस आला. तो रविवार होता.

एसटी स्टँडवर मी ट्रंकेवर बसले होते. कुहीची गाडी लागली तशी माझी मान आपोआप तिकडे वळली. सर उभे होते. धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. हातात पिशवी नव्हती. कंडक्टर त्यांना ओळखत होता.

"या ना गुरुजी, जागा हाय समोर."

"नाई गा. आज नाई."

"मंग काहून आले?"

"असाच."

कंडक्टरने घंटी दिली. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली, तरी सर तिकडेच तोंड करून उभे होते. माझ्यापासून वीस पावलं. मी उठले. पदर सारखा केला. पाया पडायचं होतं आणि ट्रंकेतल्या त्या फॉर्मचं सांगायचं होतं, तो अजून माझ्याकडे आहे, तिला तुमच्याकडे मी आणलं, एकट्याने सगळं अंगावर घेऊ नका. पण पुढे गेले असते तर त्यांना कळलं असतं, की मी त्यांना इथे असं पाहिलं. पाय उचलला नाही. तेवढ्यात अमरावती, अमरावती अशी हाळी आली आणि हमालाने माझी ट्रंक उचलली.

पुढल्या वर्षी सर वारल्याचं मला दुसऱ्याच कोणाच्या पत्रातून कळलं.

त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी त्यांच्यापाशी येऊन काहीतरी विचारत होती. सर तिच्याकडे वाकले होते आणि हात लांब करून कुहीची गाडी कुठे लागते ते तिला दाखवत होते.